जप्त बंदुकीचे करावे काय?

खंडेनवमीला घरातील शस्त्रे पुसून, गंध-फूल वाहून पुढे मांडण्याची आपली जुनी चाल आहे. पैनगंगेच्या दक्षिणेस, आदिलाबाद जिल्ह्यात पिढ्यान्पिढ्या राहत आलेल्या मराठी घरांतूनही ती पाळली जाते. आता बहुतेकांकडे शस्त्र म्हणून विळी, कोयता आणि अडकित्ता एवढेच उरले आहे, ही गोष्ट वेगळी. दसऱ्याच्या त्याच दिवसांत पोलीस ठाण्यांतही बंदुकांची पूजा होते. मात्र ठाण्यात आणखी काही बंदुका असतात, ज्यांना कोणी फूल वाहत नाही. त्या मालखान्यात असतात. नळीला चिठ्ठी बांधलेली, चिठ्ठीवर गुन्ह्याचा क्रमांक. खटला निकालात निघाल्यावर या बंदुकांचे काय करावे? मोडून वितळवाव्यात, की लिलाव पुकारून चार पैसे सरकारी तिजोरीत भरावेत?

प्रश्न वकिलांचा वाटतो. परंतु आदिलाबादकरांना तो परका नाही. १८ डिसेंबर २०२० रोजी आदिलाबाद शहराच्या ताटीगुडा वस्तीत मुलांच्या क्रिकेटवरून बाचाबाची झाली. मुलांचे भांडण मोठ्यांत गेले आणि नगरपालिकेचे उपाध्यक्षपद भूषविलेल्या एका पुढाऱ्याने रिव्हॉल्व्हर काढून गोळ्या झाडल्या. जखमींपैकी एकाचा आठवडाभराने मृत्यू झाला. २०२२ साली न्यायालयाने आरोपीस जन्मठेप दिली. या हकीकतीतील एक तपशील ध्यानात ठेवण्याजोगा आहे. ते रिव्हॉल्व्हर चोरीचे नव्हते, गावठी कट्टाही नव्हता. ते परवान्याचे होते.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या ३२ व्या कलमानुसार गुन्हा शाबीत झाल्यास ते शस्त्र सरकारजमा करण्याचा हुकूम न्यायालय देऊ शकते. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने मुद्देमालाच्या तीन वाटा सांगितल्या होत्या: नाश करणे, सरकारजमा करणे, किंवा ज्याचा हक्क असेल त्याच्या हवाली करणे. हुकूम झाला तरी दोन महिने थांबायचे, आणि अपील दाखल झाल्यास त्याचा निकाल लागेपर्यंत मालाला हात लावायचा नाही. १ जुलै २०२४ पासून या संहितेची जागा नव्या नागरिक सुरक्षा संहितेने घेतली, आणि तिने मुद्देमालाची छायाचित्रे व चित्रफीत घेऊन ठेवण्यावर भर दिला आहे. मालखान्यात वस्तू वर्षानुवर्षे कुजत ठेवू नयेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली सुंदरभाई अंबालाल देसाई यांच्या खटल्यात बजावले होते. तेथे चर्चा मुख्यतः वाहने, दागिने व दारू यांची होती. बंदुकीचा प्रश्न अधिक नाजूक आहे. कुलूपबंद खोलीत पडून राहिलेले शस्त्र गंजते तरी, नाहीतर एखाद्या दिवशी नाहीसे तरी होते.

लिलावाची बाजू मांडणाऱ्यांचे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. आमच्या जिल्ह्यात चोरट्या तोडीचे सागवान पकडले जाते आणि वनखाते ते लिलावात विकते. कोणी त्याची होळी करा म्हणत नाही. मग चांगल्या घडणीची, हजारो रुपयांची बंदूक भट्टीत का घालावी? परवाना असेल त्यालाच विकावी, पैसा पोलिसांच्याच उपयोगी आणावा. पण सागवानाचे दार होते, पलंग होतो. बंदूक विकली तरी बंदूकच राहते.

असा प्रयोग अमेरिकेतील केंटकी राज्यात चालू आहे. तेथे जप्त शस्त्रे राज्य पोलिसांकडे जातात, परवानाधारक व्यापाऱ्यांत त्यांचा लिलाव होतो आणि त्या पैशातून पोलिसांसाठी गोळीरोधक अंगरखे घेतले जातात. म्हणजे बंदुका विकून बंदुकांपासून बचावाची सोय! १० एप्रिल २०२३ रोजी तेथील लुईव्हिल शहरात एका बँकेतील माणसाने आपल्या पाच सहकाऱ्यांना ठार मारले. ती रायफलही उद्या कायद्याने लिलावात जाऊ शकेल, अशी खंत शहराचे महापौर क्रेग ग्रीनबर्ग यांनी जाहीरपणे व्यक्त केली. आदल्या वर्षी त्यांच्यावरही गोळी झाडली गेली होती आणि ते थोडक्यात बचावले होते. ॲरिझोना राज्यातील टूसॉन शहराने जप्त बंदुका नष्ट करण्याचा ठराव केला होता. २०१७ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने, राज्याच्या कायद्यापुढे शहराचा ठराव टिकत नाही, असा निर्णय दिला. उलट ऑस्ट्रेलियात १९९६ च्या पोर्ट आर्थर हत्याकांडानंतर सरकारने सुमारे साडेसहा लाख बंदुका मोबदला देऊन परत घेतल्या आणि नष्ट केल्या.

आपल्या देशातही विक्रीचा मोह झालेला नाही असे नाही. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून खाजगी व्यक्तींना परदेशी बंदुका आणण्यास जवळजवळ मज्जाव झाला आणि विलायती पिस्तुलांचे भाव गगनाला भिडले. त्याच काळात सीमाशुल्क खात्याने जप्त केलेली पिस्तुले खासदारांना व अधिकाऱ्यांना विकली जात. सामान्य माणसाकडून काढून घेतलेली वस्तू प्रतिष्ठिताच्या कमरेला गेली, इतकाच त्याचा अर्थ.

माझे मत सांगतो. गुन्ह्यात वापरलेले किंवा चोरट्या मार्गाने आलेले शस्त्र सरकारने विकू नये. अपिलाची मुदत संपताच न्यायालयाच्या हुकमाने, पंचांसमक्ष, त्याचे तुकडे करावेत. परवानाधारकालाच विकू, हे आश्वासन ताटीगुड्यानंतर मला तरी पुरेसे वाटत नाही. एका हातातून धोका म्हणून काढून घेतलेली वस्तू सरकारने किंमत घेऊन दुसऱ्या हातात द्यावी, आणि त्या दुसऱ्या हाताला राग येणार नाही असे गृहीत धरावे, हा व्यवहार शहाणपणाचा नव्हे. गावठी कट्ट्यांबद्दल तर वादच नको. ते झाडणाऱ्याच्याच हातात फुटायचे.

एक अपवाद मात्र करावा. या जिल्ह्याच्या जंगलपट्ट्यात ठासणीच्या बंदुका सापडतात, ज्यांना भरमार म्हणतात. शिकारीसाठी ठेवल्या म्हणून त्या जप्त होतात, आणि कायद्याप्रमाणे ते योग्यच आहे. परंतु त्यांतील एखादी फार जुनी असेल, तर ती भट्टीत घालण्यापूर्वी जाणकाराला दाखवावी. १९४० साली कोमराम भीम जेथे निजामाच्या पोलिसांशी लढताना पडला, त्या जोडेघाटात आज स्मारक व आदिवासी संग्रहालय आहे. (२०१६ च्या विभाजनानंतर जोडेघाट शेजारच्या आसिफाबाद जिल्ह्यात गेले.) निकामी केलेली अशी एखादी बंदूक तेथे शोभेल. दुरुस्त करूनही जे चालू शकत नाही अशा पुरातन शस्त्राला शस्त्र कायद्याचे ४५ वे कलम सूटही देते.

आपल्या वाचकांपैकी ज्यांच्या घरी आजोबा-पणजोबांची बारा बोअरची बंदूक असेल, त्यांचा प्रश्न जप्तीचा नसून वारशाचा आहे. परवानाधारक वारला, की ती घरात ठेवणे बेकायदा ठरते. २१ व्या कलमाप्रमाणे ती विनाविलंब ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी. ठराविक मुदतीत वारसाला स्वतःचा परवाना काढून ती परत मिळवता येते, किंवा अधिकारी माणसाला विकून पैसे घेता येतात. मुदत टळल्यास जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या हुकमाने ती सरकारजमा होते. पावती मात्र जपून ठेवावी. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडे तीनऐवजी दोनच शस्त्रे ठेवण्याची मर्यादा घातली, तेव्हाही अनेकांना तिसऱ्या बंदुकीचा निकाल लावावा लागला.

आमच्या परिचयाच्या एका देशमुखांच्या वाड्यात अशी बंदूक होती. थोरले गेल्यावर मुलांनी ती जमा केली, आणि परवान्यासाठी पुन्हा कोणी अर्ज केला नाही. माजघराच्या भिंतीवर तिच्या दोन खुंट्या अजून आहेत. सुनेने त्यांवर पंचांग आणि छत्री अडकवली आहे.