पाहिलेलेच पुन्हा

मी चित्रपटांची जाणकार नव्हे, हे आधीच सांगून टाकते. छायालेखन कोणाचे आणि संकलन कोणाचे, हे कुणी मला विचारू नये. लसूण सोलता सोलता जेवढे दिसेल तेवढे पाहायचे, दूध उतू जायला लागले की उठायचे आणि परत येऊन 'हा कोण?' म्हणून शेजारच्याला विचारायचे, ही माझी पाहण्याची तऱ्हा. त्यामुळे आयुष्यात पाहिलेले बहुतेक बोलपट मी पाऊणच पाहिले आहेत. उरलेला पाव गेल्या हिवाळ्यात पाहून झाला. अंगणात पाय मुरगळला, हाड चिरले, आणि सहा आठवडे प्लास्टरमध्ये काढावे लागले. नातवाने जुने चित्रपट एकामागून एक लावून दिले आणि सांगितले, "आजी, आता उठायचं नाही."

पहिला लावला 'श्यामची आई'. आचार्य अत्र्यांचा हा १९५३ सालचा चित्रपट. राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक त्यालाच मिळाले. मी तो शाळेत असताना इथे उदगीरला तंबूत पाहिला. खाली सतरंजी, वर फाटके कापड, आणि मध्ये मध्ये रीळ तुटले की शिट्ट्या. आमच्याकडची काळी माती आणि तुरीचे पीक पाहून वाढलेल्या पोरांना कोकणातले ते घरदार म्हणजे परदेशच वाटला. आम्ही सगळ्या रडलो, हे मात्र पक्के आठवते. पोहायला घाबरणाऱ्या श्यामला आई पाण्यात ढकलायला लावते, तेव्हा मला त्या आईचा रागच आला होता. पुढे मुलांची आई झाल्यावर तोच प्रसंग दूरदर्शनवर पाहिला आणि 'बरोबर केलं तिने' असे वाटले. आता तिसऱ्यांदा पाहताना ना श्याम दिसला, ना शिस्त. दिसले ते कर्ज. दारात येऊन बसणारा सावकाराचा माणूस आणि त्याच्यासमोर संकोचून उभी असलेली बाई. हे सगळे तेव्हाही पडद्यावर होतेच की! मी बहुधा डोळे पुसत असेन.

'पिंजरा'ची गोष्ट निराळी. तो १९७२ साली आला, म्हणजे दुष्काळाच्या वर्षी. मी पंधरा वर्षांची होते आणि तमाशाचा सिनेमा म्हणून आमच्या घरी त्याचे नावही काढायची चोरी. त्यामुळे गाणी पाठ, चित्रपट मात्र न पाहिलेला, अशी गंमत बरीच वर्षे चालली. नाचणारी बाई एका सज्जन मास्तराला बिघडवते, एवढेच कानावर आले होते. यंदा नीट बसून पाहिला आणि थक्क झाले. मास्तर मेला असे समजून गाव त्याचा पुतळा उभारते, आणि तोच जिवंत मास्तर स्वतःच्याच खुनाबद्दल आरोपी म्हणून उभा राहतो! डॉ. श्रीराम लागूंचा चेहरा शेवटी शेवटी बघवत नाही. मी जन्मभर शाळेत शिकवले. गावाला आपल्या मास्तरात माणूस नको असतो, हे मला कुणी पटवून द्यायची गरज नाही. बाजारात भेळ खाल्ली तरी दुसऱ्या दिवशी वर्गात कुजबूज व्हायची.

'अशी ही बनवाबनवी' (१९८८) नातवाला तोंडपाठ आहे. पात्रे बोलायच्या आधी तो बोलतो. फार त्रास होतो. पण हसता हसता माझ्या ध्यानात आले, की हा सगळा खटाटोप पुण्यात भाड्याची खोली मिळत नाही म्हणून आहे. लक्ष्मीकांत बेर्डे आणि सचिन यांना लुगडी नेसावी लागतात ती त्यापायी. आमच्या गल्लीतली किती पोरे शिकायला पुण्याला गेली! माझ्या धाकट्याने तीन वर्षांत पाच खोल्या बदलल्या. तेव्हा त्याची पत्रे वाचून मला हसू आले नव्हते.

आता खालांविषयी. आमची भिंत एकच आहे. १९८७ साली 'रामायण' सुरू झाले तेव्हा गल्लीतला एकुलता दूरदर्शन संच त्यांच्याकडे होता. रविवारी सकाळी त्यांच्या ओसरीवर आम्ही तीस-चाळीस माणसे. चित्र थरथरले की त्यांचा मुलगा गच्चीवर जाऊन अँटेना फिरवायचा आणि खाली आम्ही ओरडायचो, "आले, आले! गेले!" वीज जाईल म्हणून खालांनी जीपची बॅटरी आणून ठेवली होती. सीताहरणाच्या दिवशी सर्वांत आधी पदर डोळ्यांना लागला तो त्यांचाच.

त्याच खालांशी मी चार वर्षे बोलत नव्हते. २०१६चा उन्हाळा, लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले ते वर्ष. आमच्या गल्लीत टँकर आला आणि घागरींच्या रांगेवरून शब्दाला शब्द वाढला. मी काय बोलले ते इथे लिहीत नाही. पुढे २०२० साली टाळेबंदी झाली, आणि २८ मार्चपासून 'रामायण' पुन्हा दाखवू लागले. मुले दूर, गल्ली सुनसान, आम्ही दोघे संचासमोर गप्प. तेवढ्यात भिंतीपलीकडून आवाज आला, "बाई, शुरू हुआ क्या? हमारा डब्बा बंद पड्या." मी आवाज मोठा केला. खिडकीही उघडली. मग रोज उघडीच ठेवली.

यंदा माझा पाय प्लास्टरमध्ये म्हटल्यावर त्या दुपारी येऊन बसू लागल्या. एक दिवस नातवाने शांतारामबापूंचा 'शेजारी' लावला. १९४१ सालचा, प्रभातचा. केशवराव दाते जिवा पाटील आणि गजानन जागीरदार मिर्झा, जिवाभावाचे दोस्त. धरणापायी त्यांच्यात तेढ पाडली जाते आणि शेवटी त्या फुटत्या धरणावरच दोघे एकत्र जातात. मी शेवट तेवढा लक्षात ठेवला होता. या खेपेला मधला अबोलाच फार लांबला असे वाटले. एवढ्यातेवढ्यावरून ही माणसे तोंडे फिरवतात!

चित्रपट संपला. खाला बराच वेळ पडद्याकडेच पाहत होत्या. मग पानाचा डबा उघडत म्हणाल्या, "बाई, एक बोलू? उस दिन घागर हमारीच आगे थी."

मी म्हटले, "खाला, चहा घ्या. घागर माझी पुढे होती."

तो वाद अजून चालू आहे.