ताडोब्याच्या आधी येडशी

धाराशिवच्या माणसाला जंगल पाहायचे झाले की तो नागपूर-चंद्रपूरची वाट धरतो. सुमारे 500 किलोमीटरचा प्रवास, मुक्काम, जिप्सीचे आगाऊ आरक्षण. आणि एवढे करून वाघ दिसला नाही तर पैसे पाण्यात गेल्याची चुटपुट. वाघ मात्र तिकडूनच इकडे चालत आला. डिसेंबर 2024 मध्ये येडशीच्या रामलिंग घाट अभयारण्यात कॅमेऱ्याने टिपलेला नर यवतमाळच्या टिपेश्वरचा निघाला. वयात आलेले नर नवी हद्द शोधत असे बाहेर पडतातच; 2019 मध्ये टिपेश्वरचाच एक वाघ बुलढाण्याच्या ज्ञानगंगेत पोचला होता. शेतशिवारातून निघालेल्या या प्राण्याला वाटेत पाणी, आडोसा आणि रानडुक्कर लागते. बालाघाट डोंगररांगेतल्या या जेमतेम 22 चौरस किलोमीटरच्या तुकड्यात त्याला ते मिळाले. मोठी जंगले अशा लहान रानांच्या आधाराने एकमेकांशी जोडलेली राहतात. म्हणून मराठवाड्यातल्या माणसाने जंगल पाहायला सुरुवात करावी ती येडशीपासून.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: तिथे पाहायचे काय? वाघाच्या भरवशावर जाणाऱ्याला खरेच काही नाही. त्याने ताडोब्यालाच जावे. पण बोरी-बाभळींचे हे कोरडे रान पावसाळ्यात कसे पालटते, आटत्या ओढ्याकाठी कोणाचे माग उमटतात, हे जिप्सीतून नव्हे, पायी चालतानाच कळते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. एवढ्याशा रानात माणसे वाढली तर ते उरेल का? पण माणसे आजही येतातच. अभयारण्यातल्याच रामलिंग मंदिरात दर्शनाला श्रावणात झुंबड उडते, धबधब्यापाशी प्लॅस्टिक साचते, माकडे प्रसादावर जगतात. तेव्हा प्रश्न गर्दीला वळण लावण्याचा आहे. मंदिराची वाट वेगळी, ठरावीक पायवाटा, सोबत गावातलाच वाटाड्या, एका वेळी मोजकी माणसे, एवढे वन विभागाने केले तरी पुष्कळ. ज्यांची जनावरे वाघाने मारली त्या शेतकऱ्यांना भरपाई वेळेवर मिळणे मात्र याआधी हवे; त्यांचा रोष ओढवून कोणतेही अभयारण्य टिकत नाही.

जायचे तर पावसाळा सरताना, आठवड्याच्या मधल्या वारी जा. आणि माकडांना काही खायला घालू नका.