पाय उचलला, तरी काटा ऐंशीवरच

डोंबिवलीहून शिळफाट्याकडे निघालात की वाटेत प्रीमियरचं मैदान लागतं. आता आजूबाजूला उंच इमारती आहेत, पण या भागात एकेकाळी मोटारी जन्माला येत होत्या. प्रीमियर ऑटोमोबाइल्सने फ्रान्सच्या पीजो कंपनीशी हात मिळवून १९९० च्या दशकात पीजो ३०९ ही गाडी इथेच बांधली. मला मात्र तुम्हाला त्याच कंपनीच्या, त्याच्याही आधीच्या एका गाडीपाशी न्यायचं आहे. १९८५ साली रस्त्यावर आलेली प्रीमियर ११८ एनई. आठवते? चौकोनी, देखणी, तेव्हाच्या प्रीमियर पद्मिनीपेक्षा कितीतरी चपळ.

‘एनई’ म्हणजे काय? निस्सान इंजिन! गाडीचा देह इटलीच्या फियाट १२४ चा, पत्रा ठोकायचे साचे स्पेनच्या सिआट कंपनीकडून आलेले, आणि बॉनेटखाली जपानच्या निस्सानचं ११७१ सीसीचं इंजिन, गिअरबॉक्ससकट. एका देशाचं शरीर, दुसऱ्या देशाचं काळीज. ज्याला हौशी मंडळी आज ‘इंजिन स्वॅप’ म्हणतात, ते एका कारखान्याने राजरोस करून शोरूममध्ये विकायला ठेवलं होतं. गोव्यात बनलेली सॅन स्टॉर्म ही दोन आसनी स्पोर्ट्स कार आठवा: फायबरग्लासचा देह आणि रेनोचं इंजिन. आणि फियाट १२४ ची एक छप्पर उघडणारी बहीणही आहे, १२४ स्पायडर, जिच्यावर जगभरचे गाडीवेडे आजही जीव टाकतात.

आता समजा, अशाच एका जुन्या दोन आसनी गाडीत कुणीतरी नवं, दणकट इंजिन बसवलं. आरटीओची मंजुरी घेतली (इंजिन बदलणं १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाखाली येतं, त्यामुळे ही पायरी गाळता येत नाही), एमएच-०५ ची पाटी दिमाखात मिरवली. गाडी पळते, आवाज सुरेख आहे. मग मालकाला वाटतं, आता हिला क्रूझ कंट्रोल हवा. बटण दाबलं की ठरलेला वेग गाडीने आपला आपण धरून ठेवायचा.

एवढंसं मागणं! पण त्याच्या पोटात काय काय दडलंय ते बघा.

आधी तुमच्या उजव्या तळपायाकडे या. पूर्वी ठाण्या-कल्याणच्या माणसाला क्रूझ कंट्रोलचं कौतुक कशाला असणार? घोडबंदर रोडवर काय धरून ठेवणार, क्लच? पण ५ जून २०२५ ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा खुला झाला, आणि ७०१ किलोमीटरचा तो रस्ता थेट आपल्या भिवंडी तालुक्यात येऊन टेकला. सपाटीवर ताशी १२० ची मर्यादा, आणि समोर नागपूरपर्यंत पसरलेला रस्ता. तिथे तासभर ऐंशीचा काटा स्थिर ठेवून पाहा. समोरून वाऱ्याचा झोत आला, पाय किंचित दाबला जातो. उतार लागला, पाय हलका होतो. चढ आला, इंजिनाचा आवाज जड झाला, की काटा खाली यायच्या आधीच पायाला कळलेलं असतं. तुम्ही गप्पा मारताय, गाणं ऐकताय, आणि पाय आपलं काम करतोच आहे. ही समज एखाद्या यंत्राला शिकवायची कशी?

ज्याने ती मोटारीला शिकवली, त्या राल्फ टीटर नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने स्वतः आयुष्यात गाडी चालवली नव्हती. चालवणार कशी? वयाच्या पाचव्या वर्षी अपघातात त्याची दृष्टी गेली होती! पण शेजारी बसलेल्या माणसाला जे जाणवत नाही, ते त्याला जाणवायचं. त्याचा वकील मित्र गाडी चालवताना बोलायला लागला की वेग कमी व्हायचा, ऐकायला लागला की वाढायचा. ते हेलकावे टीटरला सहन होईनात. त्याने वर्षानुवर्षं खटपट केली, १९५० मध्ये पेटंट मिळालं, आणि १९५८ साली क्रायस्लरच्या गाड्यांत हे यंत्र विकत मिळू लागलं. डोळ्यांनी वेगाचा काटा कधी न पाहिलेल्या माणसाने काटा स्थिर ठेवण्याची युक्ती जगाला दिली. मला तर हे वाचलं तेव्हा पुस्तक मिटून थोडा वेळ नुसतं बसावंसं वाटलं होतं.

यंत्राला तीन गोष्टी लागतात: वेग कळायला इंद्रिय, विचार करायला डोकं, आणि थ्रॉटल, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमीजास्त करणारी पाकळी, ओढायला स्नायू. कारखान्यातून आलेल्या गाडीत हे तिघे एकाच घरात वाढलेले असतात. इंजिन बदललेल्या गाडीत मात्र कुणी कुणाला ओळखत नाही. इंजिनाला ठाऊक नाही की मागे चाकं फिरवणारा डिफरन्शियल कुठला आहे, चाकांना ठाऊक नाही की पुढे कोण आलंय.

इंद्रियापासून सुरू करू. जुन्या गाडीत स्पीडोमीटरला फिरणारी तार असते, विजेचा संकेत नसतोच. मग मेकॅनिक गाडीखाली जातो आणि इंजिनाकडून मागच्या चाकांकडे जाणाऱ्या लांब शाफ्टवर चार छोटे लोहचुंबक घट्ट बांधतो. शेजारी एक सेन्सर. चुंबक समोरून गेला की ‘टिक’. आता हिशेब करा. ताशी ८० म्हणजे सेकंदाला सुमारे २२ मीटर. टायरचा घेर १.८ मीटर धरला तर चाक सेकंदाला बारा फेरे घेतं. डिफरन्शियलमुळे शाफ्ट त्याच्या चौपट, जवळपास पन्नास. गुणिले चार चुंबक. सेकंदाला दोनशेच्या आसपास टिक-टिक! तुमच्या पायाखाली, डांबरापासून वीतभर अंतरावर.

आणि इथे मला सगळ्यात जास्त आवडणारी गंमत आहे. टायर बदलले, घेर वेगळा झाला, तर या यंत्राचा गोंधळ उडेल का? नाही उडत. कारण त्याला ‘ऐंशी’ म्हणजे काय हे माहीतच नसतं! किलोमीटर, तास, काही नाही. तुम्ही बटण दाबता त्या क्षणी जी टिकटिक चालू आहे, तेवढीच ते लक्षात ठेवतं. पुढचं सगळं काम म्हणजे ती लय सुटू द्यायची नाही. तानपुरा जुळवताना कुणी सेकंदाला किती कंपनं ते मोजतं का? सूर धरला, की धरला.

आता डोकं. लय मंदावली की थ्रॉटल उघड, वाढली की मीट. सोपं वाटतं ना? वाफेच्या इंजिनांसाठी जेम्स वॉटने १७८८ मध्ये फिरत्या गोळ्यांचा जो गव्हर्नर बसवला, तो एवढंच करत होता. पण त्यात एक फट राहते. चढावर जास्त इंधन हवं. इंधन जास्त सोडायला हे यंत्र केव्हा तयार होतं? वेग कमी झाला तरच! म्हणजे अख्खा चढ ते ऐंशीऐवजी शहात्तरवर समाधान मानत चढणार.

यावरचा उपाय किराणा दुकानदाराला विचारा. उधारीची वही! दर क्षणी वेग जेवढा कमी पडला तेवढा वहीत मांडायचा आणि एकूण बाकीच्या प्रमाणात थ्रॉटल आणखी उघडायचा. चार किलोमीटरची बारीकशी तूटही सेकंदामागून सेकंद साठत जाते, बाकी फुगते, थ्रॉटल उघडत जातो, आणि वेग पुन्हा बरोब्बर ऐंशीवर येतो. इंजिनिअर याला ‘इंटिग्रल’ म्हणतात.

मग वही नेहमीच भली का? कसाऱ्याचा जुना घाट डोळ्यांपुढे आणा. चढ इतका, की थ्रॉटल पूर्ण उघडूनही इंजिनाला ऐंशी झेपत नाही. वहीत बाकी वाढतच चालली, वाढतच चालली. माथा आला, रस्ता सपाट झाला, वेग ऐंशीच्या वर गेला, तरी यंत्र थ्रॉटल सोडत नाही. का? अजून जुनी उधारी फिटायची आहे ना! म्हणून शहाण्या यंत्राला आणखी एक नियम शिकवलेला असतो: थ्रॉटल पूर्ण उघडला की वहीत लिहिणं बंद. एका ओळीचा नियम. तो नसेल तर घाटमाथ्यावर गाडी हातातून निसटल्यासारखी धावेल.

इंजिन बदलण्याचा खरा परिणाम दिसतो तो इथेच. समजा, जुनं इंजिन साठ अश्वशक्तीचं होतं आणि नवं दीडशेचं आहे. थ्रॉटलची केबल तेवढीच ओढली तरी आता धक्का कितीतरी मोठा बसतो. जुन्या सवयीने ओढणारं यंत्र वेग ऐंशीच्या पार नेऊन सोडतं, दचकून थ्रॉटल मिटतं, वेग खाली पडतो, घाबरून पुन्हा ओढतं. गाडी रस्त्यावर झोके घ्यायला लागते. नियंत्रण करणारी यंत्रं अशी का डोलतात, याचं गणित जेम्स क्लर्क मॅक्सवेलने १८६८ मध्ये एका निबंधात मांडलं. विजेच्या आणि प्रकाशाच्या लहरींचं गणित सांगणारा तोच मॅक्सवेल! म्हणजे तुमच्या गाडीतल्या मॉड्यूलची, म्हणजे या यंत्राच्या डोक्याची, ‘सेन्सिटिव्हिटी’ एक घर खाली आणताना गॅरेजमधला पोरगा मॅक्सवेलचंच गणित सोडवत असतो, फक्त कागदाऐवजी बायपासवर दोन फेऱ्या मारून.

स्नायूची गोष्ट तर थक्क करणारी आहे. जुन्या पद्धतीत थ्रॉटल ओढायला मोटर नसते. मग काय? रिकामी जागा! पेट्रोल इंजिन सतत हवा ओढत असतं आणि थ्रॉटलची पाकळी अर्धवट मिटलेली असते, त्यामुळे पाकळीच्या मागे हवा विरळ होते. नाक दाबून श्वास घेतल्यासारखं. ती विरळ हवा एका रबरी पडद्याच्या डबीत जोडली की बाहेरचा हवेचा दाब पडदा आत ढकलतो आणि पडद्याला बांधलेली केबल थ्रॉटल उघडते. इंजिन स्वतःच्या श्वासाने स्वतःचा गळा उघडतं! पण चढावर थ्रॉटल जास्त उघडला की हा ओढा कमी होतो, म्हणजे ताकद हवी असते नेमकी तेव्हाच स्नायू ढिला पडतो. म्हणून एक साठवणीची टाकी आणि मध्ये एकमार्गी झडप. आणि डिझेल इंजिन टाकलं असेल तर? तिथे वेग राखायला हवा अडवतच नाहीत, त्यामुळे हा ओढा मिळत नाही. वेगळा पंप तरी लावा, नाहीतर विजेची मोटर.

नव्या इंजिनाला बहुधा केबलच नसते. अॅक्सिलरेटरच्या पेडलमध्ये एक नव्हे, दोन सेन्सर बसलेले असतात, आणि दोघांचे आकडे मुद्दाम वेगळे, बऱ्याचदा एक दुसऱ्याच्या निम्मा. दोघांची साक्ष जुळली नाही की ईसीएम, म्हणजे इंजिनाचा संगणक, एकावरही विश्वास ठेवत नाही आणि इंजिनाची ताकदच आवळतो. बाहेरून लावलेला क्रूझ कंट्रोल इथे तुमच्या पायाची नक्कल करतो: पेडल आणि ईसीएम यांच्या मध्ये बसून दोन्ही साक्षी, एकमेकींशी तंतोतंत जुळणाऱ्या, स्वतः देतो.

कधी कधी तर काही लावावंच लागत नाही. दुसऱ्या गाडीतून आलेल्या ईसीएमच्या पोटात क्रूझ कंट्रोलचं सगळं गणित आधीच लिहिलेलं असतं, झोपलेलं. त्याला हवी असतात फक्त बटणं, वेगाचा संकेत आणि ब्रेक-क्लचची खबर. बटणंही किती हुशारीने जोडलेली! चालू, बंद, वाढव, कमी कर, या चारही आज्ञा एकाच तारेवरून जाऊ शकतात. प्रत्येक बटणामागे वेगळ्या मापाचा रेझिस्टर. तारेवर किती व्होल्ट आले त्यावरून ईसीएम ओळखतो, बोट कुठे पडलं ते.

ब्रेकपाशी मात्र थोडं थांबा, कारण इथे कुणी घाई करू नये. सुरुवात करण्यापेक्षा सोडता येणं महत्त्वाचं. म्हणून रबरी पडद्याच्या डबीच्या जुन्या पद्धतीत ब्रेकला दोन स्वतंत्र वाटा असतात. एक विजेची: पाय पडला की वीज तुटते. दुसरी साध्या हवेची: पेडल हललं की एक छोटी झडप उघडते, ‘फुस्स’ करून हवा त्या डबीत शिरते, पडदा सैल पडतो आणि थ्रॉटल मिटतो. मॉड्यूल वेडं झालं, तारा जळल्या, तरी ती फुस्स चुकत नाही. क्लचलाही स्विच हवाच. गिअर बदलताना इंजिनावरचा भार अचानक नाहीसा होतो आणि ठरलेल्या वेगासाठी झटणारं इंजिन मोकाट किंचाळू लागतं.

आणि मागच्या दिव्याचं कोडं! सगळं नीट जोडलंय, तरी क्रूझ लागतच नाही, असं झालं तर जाणता वायरमन आधी गाडीच्या मागे जाऊन वाकतो. ब्रेकलाइटचे साधे बल्ब काढून कुणी एलईडी लावलेत का? कित्येक मॉड्यूल ब्रेकच्या तारेतून बल्बच्या बारीक तंतूमार्गे जमिनीचा, म्हणजे अर्थिंगचा, पत्ता शोधत असतात. तंतू सापडला म्हणजे तार शाबूत आहे, ब्रेकची खबर नक्की मिळेल. एलईडीतून तशी वाट मिळत नाही. मॉड्यूलला वाटतं, ब्रेकची तार तुटलीय, आणि ते कामाला नकार देतं. पन्नास पैशांएवढ्या दिव्यावरून गाडी ठरवते की आपला वेग आपण सांभाळायचा की नाही! एक रिले लावला की काम झालं.

एवढं सगळं जमलं की एका कोरड्या, मोकळ्या सकाळी (पावसात अजिबात नको, घसरत्या चाकाला हे यंत्र वेग समजतं) आमण्याहून इगतपुरीकडे निघायचं. ऐंशीवर बटण दाबायचं आणि पाय हळूच मागे घ्यायचा. पेडल आणि क्रूझ एकाच केबलवर असतील अशा जुन्या जोडणीत मग खाली बघा. रस्ता सह्याद्रीकडे चढू लागतो, इंजिनाचा आवाज भरदार होतो, आणि तुमच्या बुटापासून हातभर अंतरावर ते रिकामं पेडल कुणाचाही पाय नसताना अंगठ्याएवढं खाली जातं, चढ संपेपर्यंत तिथेच थांबतं, आणि सपाटी आली की सावकाश वर येतं.