मातीत किती, अंगात किती?

बेळ्ळंदूर तलाव : सर्जापूर रोडच्या आगरा-इब्बलूर पट्ट्यालगत, सुमारे ९०० एकर. बंगळूरमधला सर्वांत मोठा. सांडपाण्याचा फेस आणि आगी (२०१५, २०१७, २०१८) यांमुळे देशभर माहीत झालेला. पाणी पुढे वर्तूर तलावात.

अशा तलावाकाठची माती तोंडात गेली तर? धातूंचे दोन वेगळे आकडे
• सुटणारा वाटा : पोटातल्या आम्लात मातीपासून सुटा होणारा धातू.
• शोषला जाणारा वाटा : त्यातून आतड्यावाटे रक्तात पोहोचणारा. तपासणी प्राण्यांवर, शिशासाठी बहुधा डुकराची पिल्लं, कारण त्यांचं पचन लहान मुलांसारखं.

बाटलीतलं पोट (सुटणारा वाटा मोजायची रीत) : १५० मायक्रॉनच्या चाळणीतून चाळलेली १ ग्रॅम माती (हाताला चिकटून तोंडात जाते ती एवढीच बारीक). त्यात १०० मिलिलिटर ग्लायसीनचं द्रावण, पीएच १.५, तापमान ३७ अंश. बाटली तासभर उलटीपालटी फिरवायची, मग द्रावण गाळून त्यातलं शिसं मोजायचं. अमेरिकी पर्यावरण संरक्षण संस्थेची ही मान्य पद्धत.

शिसं : गिळलेल्यापैकी प्रौढांत साधारण १० टक्के, मुलांत ५० टक्क्यांपर्यंत शोषलं जातं. उपाशीपोटी किंवा लोह-कॅल्शियम कमी असल्यास जास्त.

मासे : मिथाइल पारा (पाऱ्याचं सेंद्रिय रूप) मांसात साठतो; शिजवून जात नाही, सुमारे ९५ टक्के शोषला जातो. शिसं मुख्यतः काटे, खवले, कल्ल्यांत. त्यामुळे काट्यांसकट खाल्लेल्या बारीक मासळीचा हिशेब निराळा.

माणसाची तपासणी : शिशासाठी रक्त, मिथाइल पाऱ्यासाठी रक्त किंवा केस. केस महिन्याला साधारण १ सेंटिमीटर वाढतो. मुळाकडच्या ३ सेंटिमीटरमध्ये गेल्या तीनेक महिन्यांची नोंद मिळते.