पराभवाचे खापर

बंगळूर शहराच्या आग्नेयेस बेळ्ळंदूर नावाचा भाग आहे. एके काळी तलावाकाठचे खेडे असलेले हे गाव आज संगणक-उद्योगाच्या कचेऱ्यांनी आणि उंच इमारतींनी वेढले गेले आहे. देशाच्या कानाकोपऱ्यांतून पोटापाण्यासाठी आलेली तरुण मंडळी तेथे राहतात. त्यांत पुण्या-नागपूरची, कोल्हापूर-बेळगावची मराठी मुलेही आहेत. दिवसभराचे काम आटोपले की यांतील अनेकांची पावले भाड्याने मिळणाऱ्या, कृत्रिम हिरवळीच्या मैदानांकडे वळतात. विजेच्या झोतांखाली फुटबॉलचा डाव रंगतो. आणि तो संपला की त्याहूनही रंगतदार असा दुसरा डाव चहाच्या टपरीपाशी सुरू होतो. पराभवाचे खापर कोणाच्या माथी फोडायचे, हे ठरविण्याचा तो डाव होय.

हा दुसरा डाव जगभर खेळला जातो, आणि त्याला नियम नाहीत. ज्याच्या हातून वा पायातून चेंडू शेवटी निसटला, त्याचे नाव प्रथम घेतले जाते. मग कोणी तरी म्हणतो, ‘अरे, पण त्याच्यापुढचे दोघे कोठे होते?’ येथपर्यंत चर्चा आली, म्हणजे तिच्यात खरा विचार सुरू झाला असे समजावे. कारण सगळ्या वादाच्या तळाशी एकच प्रश्न असतो : चूक जेथे दिसली, तेथेच ती घडली काय?

अमेरिकेतील विद्यापीठीय फुटबॉलचे चाहते या प्रश्नाचा खल दर आठवड्याला करीत असतात. नाव फुटबॉल असले, तरी तेथील हा खेळ पायांपेक्षा हातांचाच अधिक. लांबट, दोन्ही टोकांना निमुळता असा चेंडू घेऊन चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकावयाचे, असा त्याचा गाभा. हंगामात शनिवारी हे सामने भरतात, आणि मिशिगन विद्यापीठाच्या मैदानावर एक लाखाहून अधिक प्रेक्षक बसू शकतात. खेळणारे मात्र बहुतेक अठरा ते बावीस-तेवीस वर्षांचे विद्यार्थी असतात. सोमवारी ज्या मुलाला वर्गात जाऊन बसावयाचे असते, त्याच्या नावाने शनिवारी रात्री लक्षावधी लोक बोटे मोडत असतात.

चढाई करणाऱ्या संघाच्या अकरा जणांत क्वार्टरबॅक हा मध्यवर्ती गडी. चेंडू प्रथम त्याच्या हाती येतो. तो कोणाकडे द्यावयाचा किंवा फेकावयाचा, हे त्याने क्षणार्धात ठरवावयाचे असते. त्याच्यापुढे पाच धिप्पाड गड्यांची एक भिंत उभी असते : मध्यभागी सेंटर, त्याच्या दोन बाजूंस दोन गार्ड आणि कडेला दोन टॅकल. प्रतिपक्षाचे गडी क्वार्टरबॅकवर तुटून पडण्यासाठी धावतात आणि ही भिंत त्यांना अंगावर घेते. क्वार्टरबॅक उजव्या हाताने फेकणारा असेल, तर फेकीच्या वेळी त्याची पाठ डावीकडे होते. म्हणून डावीकडचा टॅकल हा अक्षरशः त्याच्या पाठीचा राखणदार असतो. या पाच जणांनी दोन-अडीच, फार तर तीन सेकंद दम धरला, की बहुतेक फेकी पार पडतात. साऱ्या खेळाचे भवितव्य या तीन सेकंदांवर टांगलेले असते.

आता हिशेबाची गंमत पाहा. प्रतिपक्षाने चेंडूसह क्वार्टरबॅकला मागच्या मागे खाली पाडले, तर त्याला ‘सॅक’ म्हणतात. अशा वेळी गमावलेले यार्ड विद्यापीठीय स्पर्धांच्या वहीत क्वार्टरबॅकच्या स्वतःच्या धावेतून वजा केले जातात. व्यावसायिक स्पर्धांत तेच यार्ड संघाच्या फेकींच्या खात्यात उणे पडतात. घटना एक, हिशेब दोन. आणि दोन्ही हिशेबांत त्या पाच जणांच्या भिंतीचे नाव नाही. त्यांच्या नावावर ना यार्ड लागतात, ना गुण. प्रतिस्पर्ध्याला बेकायदा धरून ठेवल्याबद्दल दहा यार्डांची किंवा वेळेआधी हालल्याबद्दल पाच यार्डांची शिक्षा झाली, तेवढ्यापुरताच त्यांचा उल्लेख मैदानावर होतो. ज्याचे काम बिनबोभाट पार पडले की कोणाच्या लक्षातही येत नाही, आणि बिघडले की दुसऱ्याच्याच नावे मांडले जाते, अशा माणसाचे मोल कसे करावे, हा येथला खरा पेच आहे.

जाणते शिक्षक हा पेच सोडविण्यासाठी सामन्याचे चित्रण पुनःपुन्हा पाहतात, आणि पाहताना चेंडूवरची नजर मुद्दाम काढून घेतात. एकच डाव ते अनेकदा पाहतात; दर वेळी एकाच गड्याच्या पावलांवर लक्ष ठेवतात. अशा पाहण्यातून काही कसोट्या हाती येतात.

पहिली कसोटी वेळेची. क्वार्टरबॅक चेंडू घेऊन मागे सरून स्थिर होण्यापूर्वीच शत्रू त्याच्या अंगावर येऊन आदळला, तर दोष बहुधा भिंतीचा. परंतु भिंतीने चार सेकंद तग धरली आणि तरीही तो चेंडू कवटाळून उभाच राहिला, तर विचारणा त्याच्याकडे किंवा पुढे धावूनही मोकळी जागा न गाठणाऱ्या झेलकऱ्यांकडे वळविली पाहिजे. दुसरी कसोटी संख्येची. पाच जणांवर सात जण चालून आले, तर दोघे मोकळे सुटणार, हे साधे अंकगणित आहे. तेथे कोणाच्या अंगातले बळ कमी पडले असे म्हणता येत नाही. प्रतिपक्षाची मांडणी डाव सुरू होण्यापूर्वीच ओळखून मदतीस एखादा गडी मागे ठेवावयाचा किंवा फेक झटपट उरकावयाची, हे बहुधा सेंटर आणि क्वार्टरबॅक मिळून ठरवितात. आणि त्याचे शिक्षण देण्याची जबाबदारी मार्गदर्शकाची असते. तिसरी कसोटी धावफलकाची. संघ बराच मागे पडला, की त्याला फेकींवाचून गत्यंतर उरत नाही. हे प्रतिपक्षालाही ठाऊक असल्याने तो निर्धास्तपणे क्वार्टरबॅकवर तुटून पडतो. तेव्हा उत्तरार्धात भिंत वारंवार कोसळताना दिसली, तरी तिच्या पडझडीचे मूळ पूर्वार्धातील दुसऱ्याच कोणाच्या चुकीत असू शकते. चौथी कसोटी सर्वांत सूक्ष्म. प्रत्येक दडपणाचा शेवट सॅकमध्ये होतो असे नाही. अंगावर येणाऱ्या गड्याला चुकविण्यासाठी घाईने केलेली फेक शत्रूच्या हाती पडते, आणि वहीत ती निव्वळ क्वार्टरबॅकची चूक म्हणून नोंदली जाते. उलटपक्षी, चपळ क्वार्टरबॅक ऐन वेळी निसटून जातो आणि त्याच्या चापल्याखाली भिंतीची दुबळीक झाकली जाते. तात्पर्य, आकडा खोटा बोलत नाही. पण तो अर्धेच बोलतो.

या कसोट्या घेऊन बंगळूरकडे परत वळल्यास एक प्रसंग सहज डोळ्यांपुढे येतो. खेळ निराळा, नेहमीचा पायाने खेळावयाचा फुटबॉल. पण प्रश्न तोच. बेंगळुरू एफ. सी. हा संघ २०१७-१८ च्या हंगामात इंडियन सुपर लीगमध्ये प्रथमच उतरला. अठरा सामन्यांत तेरा विजय आणि चाळीस गुण मिळवून त्याने साखळीत पहिला क्रमांक पटकावला. दुसऱ्या क्रमांकावरील चेन्नईयिन संघ आठ गुणांनी मागे होता. १७ मार्च २०१८ रोजी अंतिम सामना झाला, तोही बंगळूरच्याच श्री कंठीरव क्रीडागारात. नवव्या मिनिटास सुनील छेत्रीने गोल केला, तेव्हा घरच्या प्रेक्षकांना निकाल लागल्यासारखाच वाटला असेल. परंतु सतराव्या आणि पंचेचाळिसाव्या मिनिटाला चेन्नईच्या माइल्सन आल्वेस या बचावपटूने, दोन्ही वेळा कॉर्नरवरून आलेल्या चेंडूवर डोके लावून, दोन गोल केले. सदुसष्टाव्या मिनिटास रफाएल ऑगुस्तोने तिसरा केला. भरपाईच्या वेळेत मिकूने एक गोल फेडला खरा. पण सामना ३-२ असा हातचा गेला.

येथे दोषी कोण? गोलरक्षक गुरप्रीतसिंग संधू सर्वांच्या नजरेसमोर होता, म्हणून चेंडू जाळ्यात गेल्याचे चित्र त्याच्याच नावाने मनात उमटते. परंतु कॉर्नरवरील गोलाचा न्याय करताना आणखी प्रश्न विचारावे लागतात. माइल्सनवर पहारा कोणाचा होता? तो धावत येत असताना त्याची वाट अडविण्याचे काम कोणाला नेमून दिले होते? आणि मुळात कॉर्नर द्यावा लागला तो कोणत्या चुकीमुळे? एकाच गड्याने एकाच रीतीने दोनदा गोल केला, म्हणजे एखाद्याच्या क्षणिक गफलतीपेक्षा व्यवस्थेतील भेगेचा संशय अधिक येतो. शिवाय १-३ अशी पिछाडी झाल्यावर साऱ्या संघालाच पुढे सरसावावे लागते आणि मागची फळी विरळ होते. त्यानंतरच्या प्रत्येक धांदलीचे माप बचावपटूंच्या पदरात घालणे हा न्याय नव्हे.

या कथेला एक सुरस उत्तरार्ध आहे. बरोबर एक वर्षाने, १७ मार्च २०१९ रोजी, हाच संघ मुंबईत अंधेरीच्या मैदानावर एफ. सी. गोवा संघाविरुद्ध पुन्हा अंतिम सामना खेळला. नव्वद मिनिटे गोलशून्य गेली आणि जादा वेळ सुरू झाला. अखेर एकशे सतराव्या मिनिटाला कॉर्नरवरून आलेल्या चेंडूवर डोके लावून बेंगळुरूच्या एका गड्याने गोल केला आणि संघाने विजेतेपद पटकावले. हा गडी होता राहुल भेके, मुंबईचा मराठी बचावपटू. आदल्या वर्षीही तो याच संघात होता. ज्या कॉर्नरने एका वर्षी घात केला, त्यानेच पुढच्या वर्षी तारले. आणि तेही आघाडीच्या नामांकित गड्यांकरवी नव्हे, मागच्या फळीतील माणसाकरवी. पराभवाच्या रात्री तापलेल्या डोक्याने मागची फळीच्या फळी मोडीत काढली असती, तर हा दिवस उगवला असता काय, याचा विचार टपरीवरच्या न्यायाधीशांनी अवश्य करावा.

न्याय चुकला, तर त्याची किंमत किती भयंकर असते, हे ब्राझीलच्या मोआसीर बार्बोसाकडे पाहून कळते. १६ जुलै १९५० रोजी रिओच्या माराकाना मैदानावर ब्राझीलला विश्वचषकासाठी उरुग्वेशी केवळ बरोबरी पुरेशी होती. सामना एकास एक असताना, अवघी अकरा मिनिटे उरली असता, घिज्जा हा उरुग्वेचा खेळाडू उजव्या बगलेने बिगोद या बचावपटूला मागे टाकून आत शिरला. आधीच्या गोलाच्या वेळी त्याने तेथूनच चेंडू मध्यभागी दिला होता. या वेळीही तो तसेच करील, अशा अंदाजाने गोलरक्षक बार्बोसा किंचित पुढे सरला. आणि घिज्जाने त्याच्या व खांबाच्या मधल्या फटीतून चेंडू आत मारला. एकच बगल त्या दिवशी दोनदा फुटली होती. ती बुजविण्याचे काम एकट्या गोलरक्षकाचे खास नव्हते. तरीही बार्बोसा २००० साली वारला तोपर्यंत, म्हणजे जवळजवळ पन्नास वर्षे, देशाने तो पराभव मुख्यतः त्याच्याच कपाळी लिहून ठेवला. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याचा हा प्रकार. त्याने एका माणसाचे आयुष्य झाकोळले, आणि फुटलेली बगल मात्र चर्चेच्या कडेलाच राहिली.

अशा न्यायाने केवळ एका माणसाचेच नुकसान होते असे नाही, संघाचेही होते. क्वार्टरबॅक बदलला आणि भिंत तशीच राहिली, तर नवा क्वार्टरबॅकही पुढच्या शनिवारी मातीतच लोळणार. भिंत बदलली आणि दोष मात्र चेंडू न सोडणाऱ्या हातांत असला, तर नवी भिंतही तितकीच बदनाम होणार. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशी ती गत होते.

बेळ्ळंदूरच्या मुलांना हे समजून घेण्यासाठी अमेरिकेपर्यंत जाण्याचीही गरज नाही. त्यांच्या मैदानांपासून काही अंतरावर बंगळूरचे सर्वांत मोठे तळे आहे. या तळ्याच्या सांडव्यापाशी पांढऱ्या फेसाचे डोंगर उठत, वाऱ्याने रस्त्यावर येत आणि वाहने थांबवीत. २०१७ च्या फेब्रुवारीत आणि २०१८ च्या जानेवारीत तर तळ्याच्या परिसरात आगी भडकल्या व धुराचे लोट उठले. फेस रस्त्यावर येऊ नये म्हणून सांडव्यापाशी जाळ्या उभारण्यात आल्या. पण फेस सांडव्यावर जन्म घेत नव्हता. शहराच्या कितीतरी वस्त्यांतून शुद्ध न करता सोडलेले, साबणाच्या चुऱ्याने भरलेले सांडपाणी नाल्यांवाटे तळ्यात येई. सांडव्यावरून ते खाली कोसळताना घुसळले जाई, आणि मैलोगणती अंतरावरचा दोष तेथे पांढरा होऊन दिसे. जाळीने रस्ता वाचतो. तळे वाचत नाही.

पराभवाचेही असेच आहे. जेथे फेस दिसला तेथे बोट दाखविणे सोपे असते. प्रवाहाच्या उलट दिशेने एकेक नाला तपासत वर जाणे कष्टाचे असते, आणि त्या वाटेवर कधी कधी आपल्या आवडत्या गड्याचे किंवा स्वतःचेही घर लागते. ज्यांची तेवढी चालण्याची तयारी असेल, त्यांनीच चहाच्या टपरीवर निकाल द्यावा. इतरांनी चहा घ्यावा आणि हरलेल्या गड्यालाही एक पेला द्यावा.