दिएगो गार्सिया: माणसं होती, कागदावर नव्हती

मोबाईल हातात असेलच, तर मॅप्स उघडा. कन्याकुमारीपासून खाली हिंदी महासागरात साधारण १,८०० किलोमीटर जा आणि झूम करा. पावलाच्या ठशासारखं एक बेट दिसेल. हे दिएगो गार्सिया, चागोस बेटांपैकी सगळ्यात मोठं. आज तिथे अमेरिकेचा लष्करी तळ आहे. इराक आणि अफगाणिस्तानच्या युद्धांत बॉम्बर विमानं इथूनही उडाली. पण तळाच्या आधी इथे वस्ती होती. तिचं काय झालं, ते आज समजून घेऊ.

अठराव्या शतकाच्या शेवटी फ्रेंच मळेवाल्यांनी इथे आफ्रिका आणि मादागास्करमधून गुलाम आणले. नारळाचे मळे लावले. पुढे बेटं ब्रिटिशांकडे गेली, गुलामगिरी संपली, काही भारतीय मजूरही आले. पिढ्यामागून पिढ्या इथेच जन्मल्या. त्यांची स्वतःची क्रेओल बोली तयार झाली. चर्च होतं, दफनभूमी होती. काम एकच, खोबरं आणि तेल. जमीन मात्र मळा कंपन्यांची. आपल्या भाषेत सांगायचं तर सातबाऱ्यावर कुणाचंच नाव नव्हतं.

१९६५ मध्ये ब्रिटननं ही बेटं मॉरिशसपासून तोडली. मॉरिशसला स्वातंत्र्य मिळालं ते १९६८ मध्ये, म्हणजे तोडणी आधीच उरकली होती. १९६६ मध्ये अमेरिकेशी करार झाला. बदल्यात ब्रिटनला पोलारिस क्षेपणास्त्रांच्या व्यवहारात १.४ कोटी डॉलरची सूट मिळाली.

आता खरी मेख बघा. बेटावर कायमचे रहिवासी आहेत असं मान्य केलं, तर त्यांच्याबद्दल संयुक्त राष्ट्रांना उत्तर द्यावं लागणार. म्हणून अधिकाऱ्यांनी कागदोपत्री त्यांना ‘कंत्राटी मजूर’ ठरवलं. मजूर म्हणजे काम संपलं की निघा! साधारण दीड-दोन हजार माणसं एका शब्दात पाहुणी झाली.

लोकांना हलवायची सुरुवात गुपचूप झाली. ऑलिव्हिए बँकू तेव्हा चार वर्षांचा होता. बहिणीच्या पायावरून गाडीचं चाक गेलं, म्हणून कुटुंब उपचारासाठी मॉरिशसला गेलं. परत निघाले तेव्हा कळलं, आता परतीची बोट नाही. मग बेटांवर येणारं सामानही कमी होत गेलं. १९७१ मध्ये दिएगो गार्सिया रिकामं केलं. लोकांचे पाळीव कुत्रे खोबरं सुकवायच्या शेडमध्ये कोंडून धुरानं मारले. १९७३ पर्यंत बाकीची बेटंही रिकामी झाली. माणसं मॉरिशस आणि सेशेल्सच्या बंदरांवर उतरवली. पोर्ट लुईच्या झोपडपट्ट्यांत अनेकांनी हलाखीत दिवस काढले. नारळ सोलता येणाऱ्याला शहरात कोण काम देणार?

तोच ऑलिव्हिए पुढे चागोसवासीयांच्या लढ्याचा नेता झाला. २००० मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयात तो जिंकला. २००४ मध्ये सरकारनं राणीच्या नावे आदेश काढून परतीची वाट पुन्हा बंद केली. २००८ मध्ये सर्वोच्च अपिलात तो ३ विरुद्ध २ मतांनी हरला. २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयानं मत दिलं, की बेटं तोडणं बेकायदेशीर होतं. हे मत सल्ल्यापुरतं, बंधनकारक नाही.

२२ मे २०२५ ला ब्रिटन आणि मॉरिशसनं करारावर सही केली. बेटं मॉरिशसची, पण दिएगो गार्सियाचा तळ ९९ वर्षं ब्रिटनच्या ताब्यात. बाकी बेटांवर मॉरिशसला वस्ती करता येईल, दिएगो गार्सियावर नाही. काही चागोसवासीयांना हा विजय वाटतो. काही विचारतात, आमचं बेट दोन सरकारांनी वाटून घेतलं, पण आम्हाला विचारलं कुणी?

म्हणून पुढच्या वेळी बातमीत ‘निर्जन बेटावरचा तळ’ असं ऐकलं, तर एक प्रश्न विचारा. बेट आधीपासून निर्जन होतं, की केलं गेलं? भेटू पुढच्या भागात!