रिमोटच्या ट्रकला घरचा बंपर
रिमोटवर चालणारा ट्रक भिंतीला धडकला की पुढच्या चाकांचे आर्म तुटतात. बचावासाठी लोखंडी पट्टी लावू नये. ती वाकत नाही आणि सगळा धक्का चासीला बसतो. अ‍ॅक्रिलिकला तडा जातो. आम्ही स्वयंपाकघरातला जुना, जाड प्लास्टिकचा चॉपिंग बोर्ड वापरतो. पॉलिथिलीनचा बोर्ड लवतो, पुन्हा सरळ होतो आणि दगडावरून घसरतो.

आधी पुठ्ठ्यावर आकार काढावा, मग हॅकसॉने कापून कडा घासाव्यात आणि मूळ बंपरच्याच स्क्रूंवर बसवावा. उरलेला तुकडा बॅटरीखाली लावावा. लिथियम-पॉलिमर बॅटरीला भोक पडले तर आग लागू शकते. मोटार मात्र झाकू नये, तापल्यावर तिला हवा हवी. आकार मुलांना काढू द्यावा, कापण्याचे काम मोठ्यांनी करावे.